अंगठ्याखालचा राजपुत्र

जुलै 2013 मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द शॅडो अँड द फ्लेम' हा गेम आयफोन आणि अँड्रॉइडवर आला. मूळ गेम 1993चा, घरच्या कॉम्प्युटरवर डॉसमध्ये खेळायचा. वीस वर्षांनी त्याला नवी चित्रं आणि काचेवर चालणारी नवी बटणं देऊन हातातल्या फोनवर आणण्याचं काम युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुण्यातल्या स्टुडिओने केलं. गाजलेला जुना साहसी खेळ हातात मावेल असा पुन्हा घडवायचा, या कामाचं महाराष्ट्रातलं हे सगळ्यात ठळक उदाहरण. मराठीत त्याची चर्चा झालेली मला तरी आठवत नाही.

रीमेकची चर्चा जगभर एकाच खुंट्याभोवती फिरते: मुळाशी इमान राखलं की नाही? हा प्रश्न ज्याने मूळ खेळलंय त्याचा. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत तो विचारून बघा, समोरचा उलट विचारेल, "मूळ कुठलं?" 1989 साली, पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' अमेरिकेत विक्रीला आला तेव्हा, किन्हवली किंवा टोकावड्यात कोणाच्या घरी कॉम्प्युटर असणं शक्यच नव्हतं. 1993मध्येही नव्हतं. इकडे गेम आला तो हातात मावणाऱ्या वस्तूतूनच आला, आणि बहुतेकदा दुसऱ्याच्या हातातून आपल्या हातात. पुण्या-मुंबईच्या शौकिनाला जी नक्कल, ती इथल्या पोराला अस्सल. हातातल्या रीमेकचा सगळा प्रश्न या टोकाकडून पाहिला तर बऱ्याच गोष्टींची किंमत बदलते. चित्र किती सुंदर झालं याला दुय्यम महत्त्व येतं. अंगठ्याला काय जमतं, वेळ किती मिळतो आणि फोन कोणाचा आहे, हे आधी येतं.

मूळ काय होतं ते थोडक्यात. जॉर्डन मेकनर या तरुणाने ॲपल टू कॉम्प्युटरवर जवळजवळ एकट्याने तो पहिला गेम बनवला. धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढऱ्या कपड्यांत पळायला आणि उड्या मारायला लावून त्याने व्हिडिओ घेतला आणि त्या चित्रफितीतली एकेक चौकट गिरवून राजपुत्राची हालचाल उतरवली. तलवारबाजी घेतली 1938च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून. संगीत वडिलांचं. मेमरी इतकी तोकडी की दुसरं पात्र घालायला जागा उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रं एका बिटने सरकवून त्याची चमकती सावली तयार केली आणि तीच त्याची वैरी झाली. दुसऱ्या भागाच्या नावातली 'शॅडो' तिथून आलेली. अडचणीतून निघालेली ही युक्ती लोकांच्या आजही लक्षात आहे. राजकन्येला सोडवायला तासभर मिळायचा. दुसऱ्या भागात पंचाहत्तर मिनिटं. घड्याळ थांबत नसे.

पण या खेळाचा जीव चित्रात नव्हता, घड्याळातही नव्हता. तो पायात होता. राजपुत्राला वजन होतं. पळायला लागला की थांबायला एक पाऊल जास्त घ्यायचा. लांब उडीला मागे दोन पावलांची जागा लागायची. कड्याच्या टोकाशी जायचं तर शिफ्टचं बटण दाबून एकेक पाऊल जपून टाकायचं; तेच बटण उडी मारताना धरून ठेवलं तर समोरची कड हाताने पकडायची. बोट अर्धा क्षण उशिरा पडलं की खाली सुळे तयार. हे बोटाला कळतं ते बटणामुळे. बटणाला कडा असते, खाली जाताना ते खटकतं, परत वर येतं. डोळे पडद्यावर असताना बोट न चुकता आपल्या जागी जातं.

इकडच्या पोरांना ही बटणं दोन वाटांनी मिळाली. पहिली वाट कॉम्प्युटर क्लासची. 2001 पासून एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्याच्या गावी निघाले, आणि सर बाहेर गेले की वर्डची खिडकी खाली जाऊन दुसरंच काहीतरी उघडायचं. पण भारनियमनाच्या दिवसांत क्लासची वेळ आणि विजेची वेळ जुळायचीच असं नाही. दुसरी वाट जास्त रुंद, बटणवाल्या फोनची.

मुरबाडच्या बाजारपेठेत 2010च्या आसपास रिचार्जची जी दुकानं होती, त्यांचा निम्मा धंदा मेमरी कार्ड भरून देण्याचा. काउंटरवर एक कॉम्प्युटर, त्यात फोल्डर: कोळीगीतं, भीमगीतं, डीजे, हिंदी न्यू, सगळ्यात खाली गेम. गिऱ्हाईक फोनची बॅटरी काढून खालचं कार्ड द्यायचं. "गाणी किती नि गेम किती?" एवढाच प्रश्न. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून परत. चांगला दुकानदार फोन उलटा करून मॉडेल बघायचा, कारण गेमची मापं फोनच्या पडद्याप्रमाणे वेगवेगळी असत. मोठ्या पडद्याचा गेम छोट्या फोनवर टाकला की राजपुत्र दिसायचा, त्याचे पाय दिसायचे नाहीत. छोट्याचा मोठ्यावर टाकला तर सगळा महाल पडद्याच्या एका कोपऱ्यात. काही गेम दोन मिनिटं चालून थांबायचे आणि पुढचं हवं असेल तर पैसे भरा म्हणायचे. ते कसे भरायचे हे कोणालाच ठाऊक नसे, म्हणून त्या दोन मिनिटांतच लोक पारंगत झाले. चार आणि सहावर डावं-उजवं, दोनवर उडी, पाचवर तलवार. पाचच्या आकड्यावरचा रंग सगळ्यात आधी उडायचा.

यातले प्रिन्सचे गेम बहुतेक गेमलॉफ्ट या कंपनीचे. घरातल्या मोठ्या मशीनसाठी युबिसॉफ्टने 2003मध्ये 'सँड्स ऑफ टाइम' काढला, तेव्हा त्याची फोनवरची धाकटी आवृत्ती गेमलॉफ्टने केली. दोन्ही कंपन्यांमागे तेव्हा फ्रान्समधलं गिलमो हे एकच घराणं होतं. धाकटी आवृत्ती म्हणजे काय, हे नीट पाहण्यासारखं आहे. मोठ्या गेममध्ये राजपुत्र चौफेर फिरतो, भिंतीवरून आडवा धावतो, वाळूच्या जोरावर वेळ उलटी फिरवतो. फोनवर हे सगळं काही केबी जागेत बसवायचं, म्हणून त्यांनी त्याला परत आडव्या चित्रात आणलं, म्हणजे थेट 1989च्या घरात. नव्या गेमचं नाव लावून जुन्याचीच चाल. पुढारलेल्या जगात त्याला तडजोड म्हणत असतील. माझ्या मते बटणवाल्या फोनवर राजपुत्र जितका राजपुत्रासारखा चालला तितका पुढे महागड्या फोनवरही चालला नाही.

गेमलॉफ्टचा पुण्याचा स्टुडिओ 2008मध्ये युबिसॉफ्टने घेतला. म्हणजे 2013च्या 'शॅडो अँड द फ्लेम'मागे जी जागा होती, तिची मुळं फोनच्या छोट्या गेममध्येच होती. मूळ दुसरा भाग निवडला हेही धाडसाचंच. तो पहिल्याइतका लाडका कधीच नव्हता. राजपुत्राचं रूप खलनायक जाफर चोरतो, दरबारात त्याला भिकारी समजून शिपाई मागे लागतात, तो खिडकीतून उडी टाकून छपरांवरून पळत बंदर गाठतो आणि सुटत्या जहाजावर झेप घेतो. सुरुवातीची ही काही मिनिटं त्या काळातल्या कुठल्याही गेमच्या तोडीस तोड. पुढे बेट, सांगाड्यांनी भरलेल्या गुहा, उद्ध्वस्त शहर, देऊळ. पुण्याच्या मंडळींनी यातलं आडवं चित्र राखलं, त्यात खोली आणली, तलवारीच्या झटापटीत नवे डाव घातले. चित्राला नावं ठेवायला जागा नाही.

घोडं अडलं ते काचेवर. टचस्क्रीनला कडा नसते. स्टुडिओला हे ठाऊक असणार, म्हणूनच त्यांनी खेळण्याच्या दोन पद्धती दिल्या: एकीत पडद्यावर बटणांची चित्रं, दुसरीत बोट फिरवून इशारे. दोन पद्धती द्याव्या लागल्या यातच काय ते आलं. चित्रातलं बटण दाबताना अंगठा हळूहळू सरकतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. नेमक्या उडीच्या वेळी तो बटणाबाहेर असतो. इशाऱ्यात बोट फिरवायला जो वेळ जातो तेवढ्यात पायाखालची फरशी निसटलेली असते. त्यात स्वस्त फोन, काचेला तडा, वर चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी आणि घामेजलेला हात. "टच घेत नाय" हे वाक्य इथल्या कुठल्याही एसटी थांब्यावर ऐकू येतं. असल्या फोनवर वजनदार राजपुत्र नुसता आळशी वाटतो. दोष पुण्याचा एकट्याचा नाही. 2013च्याच डिसेंबरमध्ये 1996चा 'टूम रेडर' आयफोनवर जसाच्या तसा उतरवला गेला, त्यावरही हीच तक्रार होती: पळायला बटण आहे, पण बोटाला सापडत नाही.

मग हातातला रीमेक जमतो कुठे? याचं उत्तर जपानकडे जातं. निन्टेंडोचा 'झेल्डा' मालिकेतला 'ओकॅरिना ऑफ टाइम' 1998चा, घरच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवरचा. 2011मध्ये ग्रेझो या स्टुडिओने तो थ्रीडीएस या हातातल्या यंत्रावर आणला. मूळ गेममध्ये पाण्याखालचं एक देऊळ आहे. तीन ठिकाणी जाऊन पाण्याची पातळी वर-खाली करायची आणि तळाशी चालायचं तर लोखंडी बूट घालायचे. पाण्याची पातळी कुठे वाढली की कुठे कोरड पडते, हे कोडं तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणं उशाशी असलेल्या शहापूरकराला नवं नाही. पण गेममधलं हे देऊळ जगभर बदनाम झालं, आणि कोडं अवघड म्हणून झालं नाही. बूट घालायचे तर गेम थांबवा, यादीत जा, बूट निवडा, परत या. दहा पावलांनी काढायचे तर पुन्हा तेच. मालिकेचे प्रमुख एइजी आओनुमा यांनी या देवळाबद्दल उघडपणे दिलगिरी व्यक्त केलेली आहे. ग्रेझोने बूट सरळ खालच्या टचस्क्रीनवर ठेवले, एका स्पर्शात घालायचे, एका स्पर्शात काढायचे. भिंतींवर रंगीत पट्टे काढले, म्हणजे पातळी बदलायची जागा लांबून कळावी. देऊळ तेच, कोडं तेच. तरी खेळणाऱ्याला ते नवं वाटलं.

इथे पाहण्यासारखी गोष्ट अशी की टचस्क्रीनचा उपयोग त्यांनी उडीसाठी केला नाही, बुटांसाठी केला. जिथे क्षणाचा हिशेब आहे तिथे खरी बटणं ठेवली आणि जिथे निवडायचं आहे तिथे काच. पुण्याच्या गेमला ही सोय नव्हती. फोनला काचेशिवाय दुसरं काहीच नसतं.

याच मालिकेतला 'लिंक्स अवेकनिंग' आणखी बोलका, कारण तो जन्मालाच हातात आला. 1993, गेम बॉय, हिरवट-करडा पडदा. काही कारागिरांनी कामाचे तास संपल्यावर, 'बघू या जमतं का' म्हणून सुरू केलेला उद्योग. गेम बॉयला कामाची बटणं दोनच. तलवार एका बटणावर, उडीचं पीस दुसऱ्यावर. दगड उचलायचा म्हटलं की काहीतरी काढून ठेवायचं. अर्धा गेम सामानाची अदलाबदल करण्यातच जायचा. 1998मध्ये त्याला रंग मिळाला आणि एक नवं तळघर. 2019मध्ये ग्रेझोनेच तो निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर नव्याने बांधला: खेळण्यातल्या देखाव्यासारखं चकचकीत बेट, आणि तलवार, ढाल, पळणं यांना ज्याचं त्याचं बटण. लोकांनी कौतुक केलं ते देखाव्याचं. मला विचाराल तर खरं काम बटणांनी केलं. एक नकाशा सव्वीस वर्षांत तीनदा फिरून आला तरी शिळा झाला नाही, तो पहिल्यापासून हाताच्या मापाने बेतलेला होता म्हणून.

पण शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने या कौतुकाला एक मोठं छिद्र आहे. निन्टेंडोने भारतात आपली विक्री कधी नीट उभीच केली नाही. ही यंत्रं मुंबईत मिळतात ती बाहेरून आलेली, किमतीही तशाच. म्हणजे हातातल्या रीमेकचे सगळ्यात चांगले नमुने आमच्यासाठी वाचायच्या गोष्टी झाल्या. म्हसा यात्रेत, पौष पौर्णिमेला बैलबाजार आणि घोंगड्यांची दुकानं लागतात तेव्हा, खेळण्यांच्या पालात मिळायचा तो विटा रचायचा चिनी गेम. खोक्यावर '9999 इन 1' लिहिलेलं, आत खेळ मोजून पाच-सहा. गेम बॉयचा हा गरीब भाऊ. आता ज्यांना 'झेल्डा' माहीत आहे ते फोनवर इम्युलेटर, म्हणजे यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून खेळतात, आणि त्यातला गेम कायदेशीर नसतो हे त्यांनाही माहीत असतं. वाट दाखवायला कोणी दुकानच मांडलं नाही, तर लोक बांध ओलांडून जातात.

चोरवाटेचा विषय निघालाच आहे तर 'व्हाइस सिटी' या गेमबद्दल बोललं पाहिजे. इथे मूळ खेळलेली माणसं सापडतात. 2003मध्ये तो कॉम्प्युटरवर आला आणि कल्याणच्या सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन खेळला गेला. शहापूरहून कॉलेजला जाणारी पोरं त्यात होती. डिसेंबर 2012मध्ये तोच गेम फोनवर आला. गाडी चालवताना काचेवरचं स्टिअरिंग वैताग आणतं, नेम धरणं त्याहून. तरीही तो चालला, आणि का चालला ते उघड आहे. त्यात नेमकी उडी मारायची सक्ती नाही. मोहीम सोडून नुसतं समुद्रकिनाऱ्याने फिरा, रेडिओ लावा, कोणाचं काही बिघडत नाही. सैल खेळ काचेवर टिकतात, घट्ट खेळ सांडतात.

घड्याळाचंही असंच. राजपुत्राला तासभर मिळतो तो सलग. आसनगावहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्याला लोकलमध्ये दोन तासांच्या आसपास मिळतात, पण तुकड्यांनी: टिटवाळ्याला गर्दी चढते आणि फोन खिशात जातो, ठाण्याला धक्का बसतो, मध्येच साहेबांचा फोन येतो. मुरबाडला रेल्वे अजून नाही. कल्याणची एसटी तासाभराची, आणि खड्ड्यांत काचेवरच्या बटणाचा काय नेम. हातातल्या यंत्रासाठी खेळ घडवायचा म्हणजे तो कुठेही मोडता आला पाहिजे. निन्टेंडोची घडीची यंत्रं मिटली की खेळ आहे त्या जागी झोपतो. मूळ 'व्हाइस सिटी'त नोंद ठेवायला ओशन व्ह्यू हॉटेलासारख्या ठरलेल्या ठिकाणी परत जावं लागे. 2013मध्ये त्याच मालिकेतला 'सॅन अँड्रियास' फोनवर आला तेव्हा मोहिमेच्या मध्येही टप्पे घातले, म्हणजे मेलात तर सगळं पहिल्यापासून नको. हा बदल चित्रांत दिसत नाही. पण वाशिंदला उतरायचं असेल तर तो सोन्याचा.

2009मधल्या 'मंकी आयलंड'ची तऱ्हा मात्र मला सगळ्यात सभ्य वाटते. 1990चा विनोदी चाचेगिरीचा गेम. जागा बघायच्या, वस्तू जोडायच्या, बोलायचं. नव्या आवृत्तीत चित्रं रंगवली, आवाज घातले, आणि एका कृतीत त्याच दृश्याचं जुनं ठोकळेबाज रूप दाखवायची सोय ठेवली. ती आयफोनवरही होती. ज्याने मूळ पाहिलं नाही त्याला मूळ बघायला मिळतं. इमान राखलं का, हा वाद खेळणाऱ्याच्या हातात दिला. असे बोट-दाखवे गेम काचेसाठीच जन्मल्यासारखे वागतात. पण त्यांत वाचायचं पुष्कळ, तेही इंग्रजीत, म्हणून आमच्याकडे त्यांची डाळ शिजली नाही.

सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं आणि हे सगळं चित्र उलटलं. त्याच डिसेंबरात मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. वडापावच्या गाडीवर कार्ड घासायचं मशीन ठेवल्याचे फोटो छापून आले. मशीनचं पुढे काय झालं ते बाजूला ठेवू, फोन राहिले. डेटा स्वस्त झाल्यावर मेमरी कार्डाचं दुकान बसलं आणि गेम फुकट झाले. फुकट म्हणजे चार जणांनी एकत्र खेळायचे, रोज नवे कपडे विकत घ्यायला सांगणारे. 2020च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आल्या. रेंजसाठी पोरं टेकाडावर, झाडाखाली बसली. घरात एकच फोन, तोही बाबा कामावर जाताना नेणार. सकाळी तास, दुपारी पबजी. सप्टेंबर 2020मध्ये पबजीवर बंदी आली, फेब्रुवारी 2022मध्ये फ्री फायरवर. खेळणारे नाव बदललेल्या आवृत्त्यांवर गेले. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदीचा कायदा केला. या गदारोळात एकट्याने खेळायचा, गोष्ट सांगणारा, कधीतरी संपणारा गेम मागे पडला. घरच्यांच्या तोंडी 'गेम' हा शब्द आता शिवीसारखाच येतो, आणि त्यात राजपुत्रही भरडला गेला.

पुण्याची गोष्ट अर्धवट सोडता येणार नाही. 10 सप्टेंबर 2020ला युबिसॉफ्टने 'सँड्स ऑफ टाइम'च्या रीमेकची घोषणा केली, आणि काम पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं सांगितलं. हा हातातला गेम नव्हता, मोठ्या मशीनचा होता. जाहिरात बघून जगभरच्या चाहत्यांनी चित्रं जुनाट म्हणत हसं केलं. जानेवारी 2021ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत, मे 2022मध्ये काम मॉन्ट्रियलला नेलं, आणि जानेवारी 2026मध्ये कंपनीने तो रद्दच केला. तेव्हा आपल्याकडे 'भारतीयांना जमत नाही' असा सूर निघाला. मला तो आळशी वाटतो. मॉन्ट्रियललाही साडेतीन वर्षांत तो पुरा करता आला नाही. आणि घोषणेच्या तीनच आठवडे आधी, ऑगस्ट 2020मध्ये, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी' स्विचवर आला होता: भावाला शोधत निघालेली मुलगी, भिंती चढणं, खांबांना लोंबकळणं, कड्यावरून उडी. राजपुत्राची चाल कोणी मनापासून गिरवली असेल तर या राजीने. पुढे ती नेटफ्लिक्समार्फत फोनवरही आली.

आता एक विचित्र हिशेब. मेकनरला मूळ गेमचा सोर्स कोड हरवलाय असं वाटत होतं. 2012मध्ये वडिलांनी जुन्या सामानातून फ्लॉपींचं खोकं पाठवलं, त्यात तो सापडला. जाणकारांनी जपून वाचून घेतला आणि त्याने तो सगळ्यांसाठी खुला केला. 1989चा राजपुत्र आज जवळजवळ कुठल्याही कॉम्प्युटरवर धावतो. उलट सप्टेंबर 2017मध्ये ॲपलने 32 बिटचे जुने गेम आयफोनवर चालवणं बंद केलं, तेव्हा कंपन्यांनी ज्यांना हात लावला नाही ते गेम त्या दिवसापासून मेले. मेले त्यात रीमेक कितीतरी. अँड्रॉइडची जवळजवळ दर वर्षी नवी आवृत्ती येते आणि एखादा जुना गेम उघडताच बंद पडतो. पैसे देऊन घेतलेला असला तरी. मुळाला जपायला जगभर हौशी लोक बसलेत, हातातल्या रीमेकला वाली नाही. ज्यांच्यासाठी रीमेक हाच मूळ, त्यांचं लहानपणच त्यात पुसलं जातं. बटणवाल्या फोनवरचा राजपुत्र आज मुरबाडच्या पोराला दाखवायचा म्हटला तर तो जुना फोनच शोधावा लागेल, बॅटरी न फुगलेला.

अधूनमधून कोणीतरी म्हणतं, आपल्याकडे माहुली आहे, गोरखगड आहे, नाणेघाट आहे, यांवर गेम काढा. काढावा की. पण किल्ल्याचं चित्र लावलं म्हणून गेम इकडचा होत नाही. इथल्या पोराचे प्रश्न ठरलेले असतात: किती एमबीचा? नेट लागतं का? फोन हँग होतो का? आई-बाबांचा फोन परत द्यायचा झाला तर आहे तिथे थांबतो का? माळशेजच्या वळणांवर आणि कसाऱ्याकडे रेंज गेल्यावरही चालणारा, जुन्या फोनवर न तापणारा, गोष्ट मराठीत सांगणारा साहसी गेम मिळाला तर त्यात इराणचा राजपुत्र असला तरी हरकत नाही.

तसा तो परत आलाही आहे. 2024चा 'द लॉस्ट क्राउन' एप्रिल 2025मध्ये फोनवर उतरला. राजपुत्राच्या नावाच्या या मालिकेत प्रथमच पात्रं फारसीत बोलली, आणि खेळ पुन्हा आडव्या चित्रावर आला. फोनसाठी त्यांनी काचेची मर्यादा सरळ कबूल केली आहे: बटणं हवी तिथे सरकवता येतात, औषध आपोआप घेतलं जातं, वार आपोआप अडवला जातो, वेळ थोडी मंद करता येते. कट्टर खेळाडू याला लबाडी म्हणतील. 2013च्या पुण्याच्या गेममध्ये एवढी लबाडी असती तर बरं झालं असतं. सुरुवातीचा भाग फुकट खेळून बघायचा आणि आवडला तर एकदाच पैसे भरायचे. भरायचे कसे हे आता धसईतही सगळ्यांना येतं. अडचण एवढीच की फोन मात्र त्याला दमदार लागतो.